दहांचे अठरा झाले. मंडळ कोणाचे उरले?

अमेरिकेतील ‘बिग टेन’ या विद्यापीठीय क्रीडामंडळात २ ऑगस्ट २०२४ पासून अठरा विद्यापीठे आहेत. नावात दहा आणि हजेरीपटावर अठरा, ही विसंगती विनोद म्हणून सोडून देता आली असती. परंतु जे मंडळ प्राध्यापकांनी खेळावर अंकुश ठेवण्यासाठी स्थापन केले, त्याच मंडळात कोणी यावे आणि कोणी जावे हे आता दूरचित्रवाणीच्या करारांवरून ठरते, ही गोष्ट मात्र विनोदावारी नेण्यासारखी नाही. विद्यापीठाने खेळ चालवावा की खेळाने विद्यापीठ चालवावे, असा हा प्रश्न आहे. आणि बिग टेनच्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात त्याची जितकी उघड मांडणी आढळते, तितकी अन्यत्र क्वचितच आढळेल.

अमेरिकन परिभाषेत ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ही व्याख्यानांची परिषद नव्हे. परस्परांशी नियमितपणे सामने खेळावेत, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम समान असावेत आणि त्या नियमांचा भंग झाल्यास दंड करणारी काही व्यवस्था असावी, या हेतूने एकत्र आलेल्या विद्यापीठांचे ते मंडळ असते. देशभर अशी अनेक मंडळे आहेत आणि त्यांच्या वर ‘एन. सी. ए. ए.’ ही राष्ट्रीय संघटना आहे. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन ही बिग टेनमधील नावे महाराष्ट्रात प्रामुख्याने अभियांत्रिकी आणि शास्त्र यांच्या उच्च शिक्षणासाठी परिचित आहेत. अमेरिकेतील सामान्य नागरिकाला मात्र हीच नावे प्रथम आठवतात ती शरद ऋतूतील शनिवारच्या फुटबॉलमुळे. एकाच संस्थेची ही दोन रूपे एकमेकांशी कसा संसार करतात, हाच या इतिहासाचा विषय होय.

आरंभ प्राध्यापकांचा

जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी मध्य-पश्चिमेतील सात संस्थांच्या प्रमुखांची बैठक शिकागो येथे बोलाविली. त्या काळच्या विद्यापीठीय फुटबॉलची अवस्था लाजिरवाणी होती. ज्याने वर्गाचा उंबरठाही ओलांडलेला नाही असा भाडोत्री खेळाडू आज या विद्यापीठाच्या, तर उद्या त्या विद्यापीठाच्या पोशाखात मैदानावर उतरे. पुढच्या वर्षी, ८ फेब्रुवारी १८९६ रोजी, शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात प्राध्यापक-प्रतिनिधी जमले आणि मंडळाची रीतसर स्थापना झाली. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन हे त्याचे सात संस्थापक सदस्य होत. त्यांचा पहिला महत्त्वाचा नियम साधा होता : जो खराखुरा, पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी आहे आणि अभ्यासात मागे पडलेला नाही, त्यानेच खेळावे.

मंडळाने स्वीकारलेले नावही अर्थपूर्ण होते. ‘प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ असा ज्याचा मराठीत अर्थ होईल, ते नाव कागदोपत्री थेट १९८७ पर्यंत टिकले. ‘बिग टेन’ हे वृत्तपत्रांनी आणि प्रेक्षकांनी रूढ केलेले नाव. १८९९ साली इंडियाना व आयोवा आणि १९१२ साली ओहायो स्टेट मंडळात आले. मधल्या काळात बाहेर पडलेले मिशिगन १९१७ साली परतले, तेव्हा सदस्यसंख्या दहा झाली आणि ते नाव चिकटले.

मिशिगन बाहेर का पडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉलच्या मैदानावर किमान अठरा जणांना प्राण गमवावे लागले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील धुरीणांना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. त्या खळबळीतूनच पुढे एन. सी. ए. ए. जन्मास आली. पश्चिमेकडील प्राध्यापकांनी १९०६ साली त्याहून कडक पावले उचलली : हंगामात पाचच सामने आणि खेळाडूस तीनच वर्षांची मुभा. हे निर्बंध मिशिगनच्या फुटबॉलप्रेमींना जाचक वाटले आणि देशातील एक बलाढ्य संघ मंडळाबाहेर गेला. तरीही मंडळ डगमगले नाही. नियम मोठा की सदस्य मोठा, या प्रश्नाचे उत्तर त्या प्राध्यापकांनी नियमाच्या बाजूने दिले होते. १९२९ साली खेळाडूंना छुप्या निधीतून साहाय्य दिल्याच्या प्रकरणावरून आयोवा विद्यापीठावर निलंबनाची कारवाई झाली, तीही याच बाण्याने. निलंबन अल्पकाळच टिकले. पण एका सदस्याला दाराबाहेर उभे करण्याची हिंमत मंडळापाशी होती.

अर्थात, या काळाला सत्ययुग समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते ती १८५२ सालची हार्वर्ड आणि येल यांची नौकास्पर्धा. न्यू हॅम्पशायर राज्यातील एका सरोवरावर झालेल्या त्या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. कारण त्या निमित्ताने आपल्या मार्गावर प्रवासी येतील असा तिचा हिशेब होता. म्हणजे खेळाला पैशाचा स्पर्श नंतर झाला असे नव्हे. तो पाळण्यातच झाला होता. १८९६ च्या प्राध्यापकांचे श्रेय पैसा दूर ठेवण्याचे नाही, तर त्याच्यावर पहारा बसविण्याचे आहे. पहारेकरी अधूनमधून डुलक्या घेत असेल. पण तो दारात होता.

शिकागोने घेतलेला निरोप

या मंडळाच्या सदस्यत्वाच्या इतिहासात सर्वांत विलक्षण प्रकरण शिकागो विद्यापीठाचे आहे. संस्थापक सदस्य असलेल्या या विद्यापीठाकडे अमोस अलोंझो स्टॅग यांच्यासारखा नामांकित प्रशिक्षक चार दशके होता. देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला देण्यात येणारा आणि पुढे हाइसमन या नावाने प्रसिद्ध झालेला चषक १९३५ साली प्रथम दिला गेला, तो शिकागोच्याच जे बर्वँगर याला. परंतु विद्यापीठाचे तरुण अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांचे मत निराळे होते. विद्यापीठाचे मोठेपण ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत मोजावे, मैदानावरील गुणफलकावर नव्हे, असे ते मानीत. १९३९ च्या हंगामात शिकागोचा मिशिगनकडून ८५–० असा धुव्वा उडाला आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद करून टाकला. १९४६ साली त्याने मंडळाचे सदस्यत्वही सोडले.

पुढे काय झाले? विद्यापीठ बुडाले नाही. ज्या स्टॅग मैदानावर फुटबॉलचे सामने होत, त्याच्याच प्रेक्षागृहाखालील जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली. फुटबॉल बंद केला म्हणून अणुभट्टी पेटली, असा बादरायण संबंध कोणी जोडू नये. तथापि मोठा फुटबॉल संघ असल्याखेरीज विद्यापीठाची प्रतिष्ठा टिकत नाही, हा समज त्या विद्यापीठाने आपल्या कर्तृत्वाने कायमचा खोटा पाडला, हे निर्विवाद आहे. १९६९ साली शिकागोत फुटबॉल परतला. पण लहान पातळीवर आणि विद्यार्थ्यांच्या हौसेपुरता.

आणखी एक गोष्ट. १९५८ साली बिग टेनमधील विद्यापीठांनी शैक्षणिक सहकार्यासाठी एक स्वतंत्र समिती स्थापन केली. ग्रंथालये, अभ्यासक्रम, संशोधनाची साधने एकमेकांस उपलब्ध करून द्यावीत हा तिचा हेतू. मैदान सोडून गेलेले शिकागो या समितीत आरंभापासून होते आणि २०१६ पर्यंत राहिले. खेळातील नाते तुटले तरी विद्येतील हे नाते अठ्ठावन्न वर्षे टिकले. शेजार म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

प्रक्षेपणाचे अर्थकारण

शिकागोची जागा १९४९ साली मिशिगन स्टेटने भरून काढली आणि नंतर चाळीस वर्षे मंडळाची सदस्यसंख्या दहावर स्थिर राहिली. या स्थैर्याला एक बाह्य आधार होता. पन्नासच्या दशकाच्या आरंभापासून दूरचित्रवाणीवर कोणत्या विद्यापीठाचे किती सामने दाखवावेत, हे एन. सी. ए. ए. ठरवीत असे. मैदानावरील प्रेक्षक घटू नयेत आणि दोनचार बलाढ्य संघांनीच सारा पैसा गोळा करू नये, असा त्या निर्बंधाचा युक्तिवाद होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरविला. भिन्नमत नोंदविणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा निव्वळ व्यापार नव्हे, शिक्षणाशी निगडित असा हा उपक्रम आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत योग्य असेल. पण पुढील चाळीस वर्षांत काय होणार, याची चाहूल अल्पमताला अधिक लागली होती.

प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या, म्हणजेच व्यवहारतः मंडळांच्या हाती आल्यावर सदस्यत्वाचा अर्थच पालटला. पूर्वी नवा सदस्य घेताना त्याचा शेजार, त्याची शैक्षणिक पातळी आणि त्याची नियमनिष्ठा पाहिली जाई. आता त्याच्या आसपास दूरचित्रवाणी संच किती, हेही पाहिले जाऊ लागले. १९९० साली पेन स्टेट आले. दहाचे अकरा झाले, तरी नाव बदलले नाही. मंडळाच्या चिन्हात मात्र अकराचा आकडा खुबीने दडविण्यात आला. २००७ साली मंडळाने स्वतःची दूरचित्रवाहिनी सुरू केली. २०११ साली नेब्रास्का आणि २०१४ साली मेरीलँड व रटगर्स हे सदस्य झाले. रटगर्स हे न्यू जर्सीतील विद्यापीठ. १८६९ साली प्रिन्स्टनविरुद्ध जो सामना ते खेळले, तो पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना म्हणून गणला जातो. परंतु मध्य-पश्चिमेतील मंडळाला त्याची ओढ वाटली ती या इतिहासापोटी नव्हे. न्यूयॉर्क महानगरातील लक्षावधी घरांपर्यंत पोचणारी वाट त्याच्या अंगणातून जात होती. 

मग ३० जून २०२२ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा यांनी बिग टेनमध्ये येण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंडळाने तीन मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार त्याची रक्कम ७०० कोटी डॉलरांहून अधिक आहे. पुढच्या वर्षी ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन यांनीही तीच वाट धरली, आणि अठरांचा मेळा भरला.

ज्यांचे घर मोडले

एका मंडळाचे अठरा होतात, तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी घर रिकामे होते. पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळ २ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंड येथे चार विद्यापीठांनी स्थापन केले होते. १९५९ साली खेळाडूंना छुपे पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर ते मोडले आणि नव्या रूपात पुन्हा उभे राहिले. १९७८ साली त्याचे दहा आणि २०११ साली बारा सदस्य झाले. १९४७ पासून अनेक दशके बिग टेनचा विजेता आणि पॅसिफिकचा विजेता यांची गाठ नववर्षारंभी पासाडीना येथे ‘रोझ बोल’ सामन्यात पडे. ज्याच्याशी सन्मानाने झुंज घ्यायची, त्याच प्रतिस्पर्ध्याच्या घरातील चार खांब बिग टेनने काढून नेले. इतर सदस्यही पांगले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या मंडळात दोनच विद्यापीठे उरली : ऑरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. नवे सदस्य घेऊन २०२६ च्या मध्यापासून नव्याने मांडणी करण्याचे त्यांनी ठरविले. पण जुने मंडळ ते नव्हे.

या पांगापांगीत भूगोलाची जी थट्टा झाली, ती एखाद्या प्रहसनात शोभावी. स्टॅनफर्ड आणि बर्कले ही पॅसिफिक महासागराच्या सान्निध्यातील विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या मंडळात दाखल झाली. ऑरेगॉन आणि ऑरेगॉन स्टेट यांच्यामध्ये जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरचे अंतर. १८९४ पासून ती एकमेकांशी फुटबॉल खेळत आली. आज एक अठरांच्या पंक्तीत सुग्रास भोजनाला, तर दुसरे उंबऱ्याबाहेर. दोन्ही सरकारी विद्यापीठे, दोन्ही एकाच राज्यातील करदात्यांची. एकाच विद्यापीठाच्या दोन शाखांतील विषमता तर इतकी स्पष्ट झाली, की लॉस एंजेलिस शाखेने बर्कले शाखेस दरसाल १ कोटी डॉलर द्यावेत असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ साली ठरविले. घरातल्या घरात भरपाई मोजावी लागते, तेव्हा हानी झाली आहे याची ती कबुलीच असते.

खेळाडूचा वाटा

या बदलाचे समर्थक एक मुद्दा मांडतात आणि तो बिनतोड आहे. ज्यांच्या घामावर हे कोट्यवधी डॉलर उभे राहतात, त्या खेळाडूंना इतकी वर्षे शिष्यवृत्तीपलीकडे उघडपणे काहीही घेता येत नव्हते. हौशीपणाचे सोवळे फक्त त्यांनीच पाळायचे. कित्येक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर मात्र राज्यपाल नसून फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असायचा. हा दुटप्पीपणा टिकणे शक्य नव्हते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी संबंधित लाभांवरील एन. सी. ए. ए.चे निर्बंध एकमताने बेकायदा ठरविले. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि छायाचित्राचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यावयाची आहे, आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येतील. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर होती.

हे न्याय्यच झाले. खेळाडूला वाटा मिळाला म्हणून विद्यापीठ भ्रष्ट झाले, असे म्हणणे म्हणजे मजुराला वेतन मिळाले म्हणून गिरणी बिघडली, असे म्हणण्यासारखे आहे. पण या न्यायाने सदस्यत्वाच्या बाजाराचे समर्थन होत नाही. पैसा फुटबॉल मिळवितो आणि काही अंशी बास्केटबॉल. पोहणे, टेनिस, व्हॉलीबॉल, धावणे या खेळांतील मुलामुलींना प्रक्षेपणाच्या करारातून फारसे काही मिळत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो प्रवास. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, तोही बहुधा शनिवारी. इतर खेळांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आणि घड्याळातील फरक तीन तासांचा. पहाटे परतलेली विद्यार्थिनी सकाळच्या तासाला कोणत्या अवस्थेत बसेल, याचा विचार करार करणाऱ्यांच्या टिपणात कुठे असेल असे वाटत नाही. १८९६ चा नियम म्हणत होता की जो अभ्यासात मागे आहे त्याने खेळू नये. आज खेळाचे वेळापत्रकच विद्यार्थ्याला अभ्यासात मागे पाडते.

अंकुश पुन्हा कोणाच्या हाती?

दुसरा मार्गच नव्हता, असे सांगितले जाते. ते खरे नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांनी १९४५ साली फुटबॉलपुरता आणि १९५४ साली सर्व खेळांसाठी करार करून ‘आयव्ही लीग’ स्थापन केली. क्रीडा-शिष्यवृत्ती देणार नाही, हा तिचा नियम. सदस्य तेव्हा आठ होते, आजही आठच आहेत. २०२५ च्या तडजोडीतील पैसेवाटपापासूनही ती दूर राहिली. या संस्थांची गंगाजळी मोठी, त्यांना हा बाणा परवडतो, हा आक्षेप रास्त आहे; मध्य-पश्चिमेतील सरकारी विद्यापीठांना तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण मर्यादा घालून घेणारे मंडळ टिकू शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

बिग टेनला अठरांचे पुन्हा दहा करणे जमणार नाही. झाले ते न झाले करता येत नाही. करता येण्यासारखे मात्र बरेच आहे. फुटबॉलचे मंडळ आणि इतर खेळांची मंडळे ही एकच असली पाहिजेत, असा कोणताही निसर्गनियम नाही. फुटबॉलने हवे तर महासागरापासून महासागरापर्यंत धावावे; बाकीच्या खेळांना आपापल्या शेजारच्या विद्यापीठांशी खेळू द्यावे. ही सूचना अमेरिकेत अनेकांनी केलेली आहे आणि ती व्यवहार्य आहे. तिने प्रक्षेपणाच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही, हजारो विद्यार्थ्यांचे दिवस मात्र वाचतात. त्याचबरोबर नवा सदस्य घेण्यापूर्वी प्रवासाचा आणि बुडणाऱ्या तासांचा हिशेब प्राध्यापक-प्रतिनिधींपुढे यावा आणि त्यांच्या मताला केवळ सल्ल्याचे नव्हे, तर संमतीचे मोल असावे. ही मागणी नवी नाही. ती या मंडळाच्या मूळ नावातच होती.

अमेरिकन विद्यापीठांची ही कहाणी दूरची असली, तरी तिच्यातील धोका दूरचा नाही. संस्था मोडतात त्या नेहमीच शत्रूच्या हल्ल्याने नव्हे. कित्येकदा त्यांची भरभराट होते, सदस्य वाढतात, तिजोरी भरते, नावही तेच राहते; आणि ज्या कारणासाठी ती संस्था जन्माला आली, ते कारण तेवढे कोणाच्या लक्षात राहत नाही. नावात दहा आणि यादीत अठरा, ही चूक गणिताची आहे आणि ती क्षम्य आहे. परिषद प्राध्यापकांची आणि निर्णय प्रक्षेपकांचा, ही चूक मात्र विद्यापीठांना महागात पडल्यावाचून राहणार नाही.